रॉड दोन, परवाना एकाचाच

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्याकडे दोन रॉडचा मासेमारी परवाना आहे. माझे वडील (वय 68) व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. गावी गड नदीवर गरी टाकून बसायची त्यांची जुनी सवय. जूनअखेर थेम्सवर गरवायला गेलो, दुसरा रॉड त्यांच्या हाती दिला. मी गाडीतून चहा आणायला गेलो, तेवढ्यात एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा (मासेमारीचे परवाने तपासणारी सरकारी संस्था) अधिकारी आला. बादलीत पकडलेले काही रोच (गोड्या पाण्यातले छोटे मासे) होते. आता वडिलांच्या नावे कोर्टाची 'सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस' (एकच न्यायाधीश सुनावणीशिवाय कागदपत्रांवरून निकाल देतो, ती) आली आहे. नोटिशीवरची तारीख 6 ऑक्टोबर. त्यांचं परतीचं विमान 19 ला आहे. चूक माझी होती असं लिहून दंड मी भरला तर चालेल का?

उत्तर : दंडाचे पैसे तुम्ही भरा, त्याला कोणाची हरकत नाही. पण 'चूक माझी' हे वाक्य कागदावर उतरवण्याआधी थांबा.

तुमच्या परवान्यावरचे दोन रॉड म्हणजे दोन माणसं नव्हेत. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही एकटे दोन रॉड लावू शकता. परवाना माणसाचा असतो, दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. 1975 च्या सॅमन अँड फ्रेशवॉटर फिशरीज ॲक्टच्या कलम 27 नुसार विनापरवाना गळ टाकणं हा गुन्हा आहे आणि वापरण्याच्या इराद्याने रॉड जवळ बाळगणं हाही. मासा लागला की नाही, याला महत्त्व नाही. नियम माहीत नव्हता हा बचाव होत नाही, शिक्षा ठरवताना मात्र त्याचा विचार होतो. आज वडिलांच्या नावे परवाना काढलात तरी जूनचा दिवस त्यात बसणार नाही.

मग 'बाबा फक्त माझा रॉड सांभाळत होते' असं सांगावं का? खरं असेल तर मुद्दा वजनदार आहे. पण नोटिशीसोबत अधिकाऱ्याचा जबाब जोडलेला असतो, तो आधी शब्दन् शब्द वाचा. वडील स्वतः गळ टाकत होते, आमिष बदलत होते असं त्यात असेल तर हा बचाव टिकणार नाही. शिवाय तुमचा रॉड पाण्यात असताना तुम्ही गाडीपाशी होतात. ताबा ठेवता येणार नाही इतकं दूर जाऊन रॉड पाण्यात सोडणं मासेमारीच्या उपविधींत (स्थानिक नियमांत) बसत नाही. त्यात 'मीच त्यांना दिला' असं लिहिलंत तर गुन्ह्याला मदत केल्याची कबुली तुमच्या सहीने जाते. वडिलांचा गुन्हा त्याने पुसला जात नाही, तुमचा मात्र नव्याने तयार होतो. तुम्ही पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करणार असाल तर हे विकतचं दुखणं आहे.

दंड कमाल 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो, पण तो उत्पन्न पाहून ठरतो. म्हणून उत्पन्नाचा फॉर्म कोरा ठेवू नका. तो कोरा राहिला की कोर्ट आपल्या अंदाजाने आकडा धरतं, आणि तो आकडा गावच्या पेन्शनपेक्षा बराच मोठा असतो. सुरुवातीलाच गुन्हा कबूल केला तर दंडात एक तृतीयांश सूट मिळते. दंडावर 40 टक्के अधिभार आणि फिर्यादीचा खर्च वेगळा.

खरी काळजी दंडाची नाही, पुढच्या व्हिसाची आहे. दोषी ठरल्यापासून 12 महिने झाले नसतील तर, शिक्षा नुसत्या दंडाची असली तरी, व्हिजिटर व्हिसा नाकारला जातो. हे 12 महिने निकालाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे 'गुन्हा कबूल नाही' म्हणून चार-सहा महिन्यांनी हरलात तर घड्याळ तेव्हा सुरू होईल. नातवाच्या मुंजीला यायचं असेल तर हा हिशेब आत्ताच मांडा. आणि व्हिसाच्या अर्जात हा दंड लपवू नका. लपवाछपवी उघड झाली तर 10 वर्षांपर्यंत दार बंद होतं.

म्हणून माझा क्रम असा. आजच नोटिशीवरच्या फिर्यादी विभागाला वडिलांच्या सहीचं एक पानी पत्र पाठवा : वय, पाहुणे म्हणून आलेले, आधी असं काही नाही, परतीचं तिकीट सोबत. विनंती एकच, की खटला मागे घेऊन लेखी ताकीद द्यावी. इथे शब्द जपून वापरा. ताकीद म्हणजे 'वॉर्निंग'. 'फॉर्मल कॉशन' देऊ केलं तर सुटलो म्हणून लगेच सही करू नका. तिची गुन्ह्याच्या नोंदीत भर पडते आणि व्हिसाला तीही आड येऊ शकते.

या पत्राने नोटिशीला उत्तर द्यायची मुदत थांबत नाही. 21 दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून धरा, म्हणजे 27 ऑक्टोबर. 17 पर्यंत होकार आला नाही तर वडिलांनी विमानात बसण्याआधी फॉर्मवर स्वतः सही करून तो पाठवावा. जबाबात वरच्यासारखं काही असेल तर 'गुन्हा कबूल, कोर्टात यायचं नाही' हा रकाना. बाजूच्या जागेत कारणं पाच-सहा ओळींत, रडगाणं नको. गावचा पत्ता आणि ईमेल लिहा, पोचपावतीने पाठवा, प्रत ठेवा. उत्तरच दिलं नाही तर निकाल त्यांच्या गैरहजेरीत लागेल आणि सूटही जाईल.

बादलीतल्या रोचबद्दल नोटिशीत काही नाही, त्यामुळे आपणही तो विषय काढू नये. पुढच्या वेळेसाठी : नदीतून दिवसाला 20 सेंटीमीटरपर्यंतचे 15 छोटे मासे नेता येतात, तेही मासेमारीचा हक्क ज्याचा आहे त्याची परवानगी असेल तरच. ईल मात्र पाण्यात परत सोडायची. 15 मार्च ते 15 जून नद्यांवर गळ बंद.

परवाना सरकारी संकेतस्थळावरच काढा. हुबेहूब दिसणारी खाजगी पानं जादा पैसे उकळतात. पाहुण्यांना एक किंवा आठ दिवसांचा पुरतो. ज्येष्ठांची सवलत फक्त वर्षाच्या परवान्यावर आहे. 13 ते 16 वयाच्या मुलांना परवाना फुकट आहे, पण काढावा लागतोच. आणि परवाना असला तरी त्या काठाचं दिवसाचं तिकीट किंवा क्लबची परवानगी वेगळी घ्यावी लागते.