इंदूरच्या राजवाड्याजवळ गाळा भाड्याने घेऊ का, हे टॅरोच्या (भविष्य पाहायच्या चित्रांच्या पत्त्यांच्या) गड्डीतला एक पत्ता काढून कळेल का?
हो-नाही मिळेल, पण ते तुम्ही आधी काय ठरवलंत त्यावर. गड्डीत ७८ पत्ते असतात. बरेच जण सुलटा आला तर हो, उलटा आला तर नाही असं धरतात. मग पिसताना काही पत्ते उलटे फिरवले नसतील, तर दर वेळी 'हो'च येणार! दुसरी रीत पत्त्यावरच्या चित्राच्या अर्थावरून: सूर्य म्हणजे हो, कोसळता मनोरा म्हणजे नाही, उलटा टांगलेला माणूस म्हणजे थांबा. देवाला कौल लावतो तसंच धरा. मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा काढायचं नाही. प्रश्नही नेमका हवा: 'दिवाळीआधी, या भाड्यात घेऊ का?' बाकी इंदूरकर म्हणून सांगतो, आधी शनिवारी संध्याकाळी तिथे उभं राहून गिऱ्हाईक मोजा. पार्किंगचं मात्र विचारू नका.