होमबिल्ट विमानातल्या माझदा १३बी रोटरी इंजिनाचा मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतल्या दाबाचा) काटा सतत थरथरतो. रीडिंग स्थिर कसं करावं?
गेजकडे जाणाऱ्या नळीत मॅनिफोल्डजवळ साधारण १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) घाला आणि त्याच्या पुढे, गेजच्या बाजूला, छोटी हवाबंद डबी जोडा (साधा इनलाइन फिल्टरही चालतो). १३बीमध्ये दोन रोटर, शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येकाचा एक इनटेक (हवा आत ओढणं). म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २०० धक्के. नळी एकाच रनरवरून (एका रोटरकडे हवा नेणाऱ्या नळीवरून) घेतली असेल तर थरथर आणखी वाढते, म्हणून ती सामायिक प्लेनमवरून (सगळ्या रनरना हवा देणाऱ्या पेटीवरून) घ्या. मात्र ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर, याच नळीवर असेल तर रिस्ट्रिक्टर फक्त गेजच्या फांदीतच ठेवा. सेन्सरला दाब उशिरा कळला, तर थ्रॉटल झटकन उघडल्यावर मिश्रण क्षणभर लीन (इंधन कमी, हवा जास्त) होऊन इंजिन अडखळू शकतं, आणि तेही नेमकं गो-अराउंडच्या (उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याच्या) वेळी.