विर्तुस म्हणजे सद्गुण?

प्रश्न असा आहे: रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४मध्ये मैत्रीवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात 'विर्तुस'शिवाय मैत्री होऊच शकत नाही असं म्हटलंय. तिथे मराठीत 'सद्गुण' लिहावं का, आणि 'फोर्तुना'ला 'नशीब' चालेल का?

आधी उच्चार. 'व्हर्च्युस' नको, ती इंग्रजीची लागण आहे.

'सद्गुण' म्हटलं की वेळेवर झोपणारा, वडीलधाऱ्यांना उलट न बोलणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. जुन्या रोमन माणसाला विर्तुस म्हटल्यावर रणांगण दिसायचं. 'विर्' म्हणजे पुरुष. विर्तुस म्हणजे त्याचं पुरुषपण. सिसेरो स्वतः हेच सांगतो. रोमन पंडित वारो मात्र 'विरिलितास'वरून (म्हणजे मर्दानगी, हाही 'विर्'वरूनच आलेला शब्द) विर्तुस काढतो. विद्वान मोठा, पण इथे त्याने भावालाच बाप ठरवलं! आपल्याकडचे 'सगळं संस्कृतातूनच गेलं'वाले नेमकं हेच करतात. 'वीर' आणि 'विर्' ही भावंडं आहेत, बापलेक नव्हेत.

आणि आता खरी गंमत. वीरापासून आपण काय केलं? 'वीर्य'! प्रत्यय वेगळा, पण मूळ अर्थ तोच, पराक्रम. पुढे आयुर्वेदाने तो औषधांना लावला: शीतवीर्य, उष्णवीर्य. लॅटिनमध्येही हुबेहूब हेच झालं. रोमन कवी ओविडच्या काव्यातली जादूगारीण किर्के म्हणते, माझ्या वनस्पतींची 'विर्तुस' अजून उडून गेली नसेल तर... म्हणजे वनस्पतींचं वीर्यच की! माझ्या मते विर्तुसला याहून नेमका शब्द नाही. पण आजच्या मराठीत तो लिहून पाहा, वाचक खुदकन हसेल. इतका देखणा शब्द आपण एकाच अर्थात कोंडून टाकला.

मग 'पुरुषार्थ' घ्या. धर्म-अर्थ-काम-मोक्ष मोजून दाखवणारे पंडित लगेच हरकत घेतील. घेऊ देत. 'यात कसला पुरुषार्थ?' असं विचारणारा मराठी माणूस मोक्षाची चौकशी करत नसतो.

फोर्तुना आली लॅटिन 'फोर्स'वरून, म्हणजे योगायोग, आणि तो 'फेर्रे'वरून, म्हणजे वाहून आणणे. आपल्या 'भृ'चा, 'भार'चा नातेवाईक. 'नशीब' अरबी, मूळ अर्थ वाटा. 'भाग्य'ही भागावरून आलेलं. रोमन फोर्तुना वाटे घालत बसत नाही, ती काहीही आणून समोर टाकते. 'फोर्तिस' म्हणजे शूर, त्याचा तिच्याशी धातूने काही संबंध नाही. रोमन नाटककार तेरेन्सच्या नाटकातल्या 'शूरांना फोर्तुना साथ देते' या वाक्यात ते दोन शब्द नादासाठी शेजारी बसलेत. त्यावरून व्युत्पत्ती रचणाऱ्यांना दंडवत. तुम्ही 'दैव' लिहा. पुरुषार्थासमोर तेच शोभतं.

हां, मैत्री राहिलीच. त्या ग्रंथात सिसेरो 'अमिकितिया' हा शब्द 'आमोर'वरून, प्रेमावरून आला असं सांगतो. तिथल्या विर्तुसमध्ये ग्रीकांचं 'अरेते', म्हणजे गुणांची श्रेष्ठता, मुरलेलं आहे, रणांगण बरंच मागे पडलंय. तेव्हा त्या एका वाक्यात 'सद्गुण' लिहा, पण खाली टीप द्या.