वेबसाइटच्या कामाला कोणतं ग्राफिक्स सॉफ्टवेअर?

प्रश्न : लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स ही कामं आम्ही कोरलड्रॉ हे ड्रॉइंगचं आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरून करतो. आता नेहमीची गिऱ्हाइकं वेबसाइटचं डिझाइनही मागू लागली आहेत. फोटोशॉप घ्यावं, की कोरलवर भागेल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : फोटोशॉपचं भाडं एवढ्यात सुरू करू नका. तुमची अडचण मांडणीची आहे आणि त्यासाठी फिग्मा किंवा पेनपॉट हे वेबसाइटची पानं आखण्याचं सॉफ्टवेअर शिकावं. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. फिग्माची फुकट योजना एकट्याला सुरुवातीला पुरते. पेनपॉट मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. पहिली फ्रेम, म्हणजे पानाची चौकट, मोबाइलसाठी ३६० पिक्सेल रुंदीची घ्या, डेस्कटॉपची १४४० ची नंतर. फ्लेक्सच्या सवयीने मोठं आधी करून मग आकसायला गेलात, तर मोबाइलवर काहीच वाचता येत नाही. मजकूर १६ पिक्सेलच्या खाली नको. ओळींचं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

कोरल मोडीत काढायचं कारण नाही, लोगोला ते उत्तमच. फक्त लोगोतली अक्षरं कंट्रोल-क्यूने कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, एसव्हीजी (रेषांच्या चित्राची वेबवर चालणारी फाइल) काढा. कर्व्ह न केलेली अक्षरं, ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्या मोबाइलवर भलत्याच रूपात उमटतात. मूळ फाइल मात्र कर्व्ह न करता वेगळी जपून ठेवा. छपाईची सीएमवायके (चार शाईंच्या रंगांची) फाइलही तशीच वेबवर चढवू नका, रंग बदललेले दिसतात. निर्यात करताना आरजीबी (पडद्याचे रंग) आणि त्यातलं एसआरजीबी हे वेबचं नेहमीचं प्रोफाइल निवडा. कोरल नसेल तिथे इंकस्केप हे सॉफ्टवेअर लोगोचं काम फुकटात करतं.

खरी मेख श्रीलिपीत आहे. तिच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, नसतो. वेबवर चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. तो युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर माणसाकडून प्रूफ तपासून घ्या, कारण रफार आणि अर्धी अक्षरं हमखास घसरतात. यावर उपाय म्हणून सगळा मजकूर जेपीजी करून लावणारे बरेच आहेत. तसं करू नका. तो मजकूर कॉपी होत नाही, मोबाइलवर बारीक होतो आणि सेलची तारीख बदलली की चित्र पुन्हा करावं लागतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत, तेच मांडणीत वापरा. कोड लिहिणाऱ्याला पानाची भाषा ‘एमआर’ नोंदवायला सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. फॉन्ट बदलून पाहिला.

उत्तर : फॉन्ट युनिकोड असेल तर दोष टेक्स्ट इंजिनचा, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या भागाचा. प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्त्यांत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं नाव आहे. आधी टाइप केलेले लेयर आपोआप सुधारत नाहीत. ते निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून तोच पर्याय पुन्हा द्यावा लागतो. गिंप (फोटो सुधारण्याचं फुकट सॉफ्टवेअर) आणि इंकस्केपमध्ये ही खटपट नाही.

प्रश्न : फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) दिले, तरी साइट रखडते.

उत्तर : ब्राउझर डीपीआय बघतच नाही, पिक्सेल बघतो. कॅमेऱ्यातला ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो ४०० च्या चौकटीत बसवला, तरी मोबाइलला अख्खी फाइल उतरवावी लागते. चौकटीच्या दुप्पट, म्हणजे ८०० पिक्सेल रुंदी पुरे. गिंपमध्ये ‘स्केल इमेज’ने ती करा आणि वेबपी (वेबसाठीचा फोटो-प्रकार) किंवा जेपीजीत क्वालिटी ७५ ते ८० ठेवून निर्यात करा. पीएनजी फक्त पारदर्शक पार्श्वभूमी किंवा स्क्रीनशॉटसाठी. फोटोला पीएनजी लावलं की फाइल विनाकारण फुगते.