बोटीचा मफलर गंजलाय, वेल्डिंग चालेल का?

प्रश्न: माझी ३० फुटी जुनी सेलबोट आहे, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. स्टीलच्या मफलरला (सायलेन्सरला) बुडाशी भोक पडलंय, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) काळं पाणी साचतं आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. वेल्डिंग करून भागेल का?

उत्तर: नको दादा, वेल्डिंग अजिबात नको. आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो, आज इथे जोडलं की उद्या शेजारी फुटणार, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो ज्याला स्वतःचा वासही नसतो, त्यामुळे नवा बसेपर्यंत इंजिन सुरूच करू नका प्लीज.

फायबरग्लासचा किंवा प्लास्टिकचा वॉटरलिफ्ट मफलर (इंजिन थंड करून आलेलं पाणी यात जमतं आणि धुराच्या दाबाने बाहेर फेकलं जातं) घ्या, गंजायचा प्रश्नच मिटला. तो एक्झॉस्ट एल्बोच्या (इंजिनातून धूर निघतो तिथल्या वाकड्या पाइपच्या) खालीच बसला पाहिजे, कारण इंजिन बंद केलं की होजमधलं (रबरी नळीतलं) पाणी उतरून त्यातच साठतं, मफलर लहान पडला तर तेच पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. जुना होज ओढत बसू नका, चाकूने उभा चिरा, तसाही बदलायचाच आहे. एल्बो पण काढून बघा हां, आत कार्बन बसून कधीकधी करंगळीएवढीच वाट उरलेली असते. प्रत्येक जोडाला दोन-दोन स्टेनलेस क्लॅम्प.

इंजिन लगेच पकडत नसेल तर सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह) बंद करून मगच स्टार्टर मारा, नाहीतर पंप मफलरमध्ये पाणी भरत राहतो, आणि सुरू झालं की लगेच उघडा. मग मागून पाणी पडतंय ना ते बघा आणि प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू फिरवा.