चाळिशीनंतर वेल्डिंग किंवा वायरिंग शिकण्यासाठी कोल्हापुरात वर्ग कसा निवडावा?

आपले वय ४१ आहे, आपण पदवीधर आहात, दिवसभर कार्यालयात नोकरी आहे आणि संध्याकाळी कमी फीमध्ये वेल्डिंग किंवा वायरिंग शिकायचे असल्यास वर्ग निवडताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एका माध्यमिक शाळेच्या कार्यशाळेत संध्याकाळी भरणाऱ्या वर्गात वेल्डिंग शिकलो आहे. त्यामुळे वेल्डिंगबद्दल अनुभवाने आणि वायरिंगबद्दल चौकशी केली होती तेवढ्याच आधारावर लिहितो.

फी किती आणि प्रमाणपत्र कोणाचे, हे आपण विचारालच. पण त्याआधी एका मशीनमागे किती जण असतात आणि रॉड (सांधा जोडताना वितळणारी वेल्डिंगची कांडी) व लोखंड कोणी आणायचे, हे विचारा. हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. शाळेच्या वर्गाआधी मी एका खासगी वर्गात पैसे भरले होते, तिथे दोन तासांच्या वर्गाला पंधरा माणसे आणि एकच मशीन होते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटे, आणि त्यातलीही निम्मी रॉड होल्डरला लावण्यात व मागच्याला जागा करून देण्यात जात. उरलेला वेळ आम्ही भिंतीवर चित्रफिती पाहत होतो. साध्या आर्क वेल्डिंगचा एक रॉड मिनिट-दीड मिनिटात जळून जातो आणि हात बसायला असे शेकडो रॉड जाळावे लागतात, त्यामुळे ज्या वर्गाला खर्च वाचवायचा असतो तो सगळ्यात आधी रॉडवरच हात आखडता घेतो. शाळेच्या वर्गात फी जवळपास तेवढीच होती, पण आमचे शिक्षक उद्यमनगर या शहरातल्याच कारखान्यांच्या वस्तीतील शेडमधून पट्ट्यांचे आणि अँगलचे कापून उरलेले तुकडे किलोवर घेऊन येत आणि रॉडचा पुडा टेबलावर उघडाच ठेवीत.

उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना वर्गाला कशाला जायचे, असे मलाही अनेकांनी विचारले. तिथले जुने मिस्त्री कोणत्याही वर्गाला न जाता मशीनशेजारी उभे राहूनच तयार झाले, हे खरे आहे. परंतु ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाडू मारण्यापासून सुरुवात करून तयार झाले. चाळीस वर्षांच्या, इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या माणसाला झाडू मारायला सांगणे शेडमालकाला जमत नाही, आणि त्याच्या हाती गिऱ्हाइकाचे काम देणे तर परवडतच नाही. शाळेच्या वर्गात आपण लोखंड खराब करण्याचेच पैसे भरलेले असतात.

माझी पहिली चार दिवसांची प्रगती एवढीच होती की, रॉड प्लेटला चिकटत असे आणि तो हिसकून सोडवावा लागत असे. ३.१५ मिलिमीटर जाडीचा, ६०१३ या प्रकारचा रॉड आणि ११० अँपिअरच्या आसपास करंट, असे मशीन लावून दिलेले होते. आगपेटीची काडी ओढतात तसा रॉड प्लेटवर ओढायचा आणि ठिणगी धरली की रॉडच्या जाडीइतकेच अंतर राखत पुढे सरकायचे, हे ऐकायला सोपे वाटते. मी घाबरून मूठ आवळून धरीत होतो. एका फाउंड्रीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमचे शिक्षक मागे येऊन म्हणाले, "साहेब, पेन धरतासा तसं धरा की. आणि बघू नगासा, ऐका." अंतर बरोबर असले की भजी तळल्यासारखा सलग चरचर आवाज येतो, अंतर वाढले की तो फुटतो. पाचव्या दिवशी हातोडीने वरची काळी पपडी झाडल्यावर खाली नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी बोटभर लांबीची रेघ दिसली, आणि तो तुकडा मी घरी घेऊन आलो.

आपल्या वयाची म्हणून एक अडचण कोणी आधी सांगत नाही. काळ्या काचेमागून हातभर अंतरावरचा सांधा पाहायचा असतो, आणि चाळिशी लागलेल्या माणसाला तो दिसत नाही. मी चष्मा काढून मुखवटा चढवत होतो, त्यामुळे माझी रेघ सांधा सोडून बाजूला जात होती आणि मी उगाच हाताला दोष देत होतो. वाचायचा चष्मा मुखवट्याच्या आत तसाच ठेवावा.

वायरिंगचे मात्र वेगळे आहे. घरातला बोर्ड समजून घ्यायला संध्याकाळचा वर्ग पुरतो. परंतु दुसऱ्यांच्या घरची कामे घ्यायची असतील तर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा (लायसन्सिंग बोर्डाचा) तारमार्गतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना लागतो. त्यामुळे इथे प्रमाणपत्राचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे आणि वर्गाचे प्रमाणपत्र त्या परवान्यासाठी चालते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे.

सरकारी पर्यायांपैकी कळंबा रस्त्यावरील शासकीय आयटीआयमध्ये प्रवेशाला किमान वय १४ असले तरी कमाल वयाची अट नाही, त्यामुळे वय आडवे येणार नाही; आडवी येते ती दिवसाची हजेरी. वेल्डर एक वर्षाचा आणि वायरमन दोन वर्षांचा, म्हणजे नोकरी सांभाळून जमणारे नाही. जनशिक्षण संस्थान ही केंद्राची योजना १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने सुरू झाली आणि तिची फी नाममात्र असते. परंतु ती १५ ते ४५ वयाच्या, बारावीपर्यंत शाळा सुटलेल्यांसाठी आहे, म्हणून पदवीधराला तिचा उपयोग नाही. २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना लोहार, सुतार अशा १८ पारंपरिक व्यवसायांत आधीपासून काम करणाऱ्यांसाठी आहे. सारांश, आपल्यासाठी शाळा किंवा तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत चालणारे अल्प मुदतीचे वर्गच उरतात, आणि त्यांची चौकशी फोनवर न करता वर्ग चालू असताना जाऊन करावी. दारात उभे राहून किती जण काम करताहेत आणि किती जण हाताची घडी घालून उभे आहेत, हे मोजले तरी पुरे.

उपयोगाबद्दल विचाराल, तर नोकरी सोडण्याइतके हे शिक्षण नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वेल्डरची चाचणी घेतात आणि तिथे माझ्यासारख्याचा निभाव लागणार नाही. मी घराच्या फाटकाची बिजागरी, पाण्याच्या टाकीचा स्टँड आणि मामांच्या गोठ्याचे दार एवढे केले आहे. फाटक जरा तिरके झाले, पण तीन पावसाळे टिकून आहे.

वर्ग ठरला तर पहिल्या दिवशी सुती पँट आणि बंद बूट घालून जा, टेरिकॉट नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. दुसऱ्याचे काम चालू असताना गंमत म्हणून उघड्या डोळ्यांनी पाहू नका. मी पाहिले होते, आणि त्या रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊन उठलो व दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत रजा टाकावी लागली.