चट्टा दरवेळी त्याच जागी का उठतो?

प्रश्न : गेल्या दोन वर्षांत तीन वेळा माझ्या खालच्या ओठावर आणि उजव्या मनगटावर जांभळट, गोल चट्टा उठला. आधी आग होते, काही दिवसांनी चट्टा ओसरतो आणि काळा डाग राहतो. दोनदा मी जुलाबासाठी व एकदा दाढदुखीसाठी गोळ्या घेतल्या होत्या, पण प्रत्येक गोळीचे नाव वेगळे होते. मग ही औषधाची ॲलर्जी असू शकते का?

उत्तर : असू शकते. औषधानंतर त्याच जागी पुन्हा उठणारा आणि काळा डाग मागे ठेवणारा चट्टा ही ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ या विकाराची ठळक खूण आहे. चट्टा बरा झाल्यावरही प्रतिकारशक्तीच्या काही टी-पेशी त्या जागी ठाण मांडून राहतात आणि तेच औषध पुन्हा पोटात गेले की बहुधा काही तासांतच त्या जागच्या त्वचेवर हल्ला चढवतात.

नावांचे म्हणाल, तर गोळ्यांच्या पाकिटावरचे एक नाव कंपनीने दिलेले असते. औषधाचे मूळ नाव त्याच पाकिटावर वेगळे छापलेले असते आणि आपण वाचायला हवे ते हेच. जुलाब आणि दाढेतील जंतुसंसर्ग या दोन्हींसाठी मेट्रोनिडाझोल किंवा त्याच गटातील ऑर्निडाझोल दिले जाते, म्हणून माझी पहिली शंका या गटावर आहे. मात्र वेदनाशामके, सल्फा आणि टेट्रासायक्लिन यांनीही असे चट्टे उठतात. त्यामुळे तिन्ही वेळच्या चिठ्ठ्या घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना भेटा आणि तोवर त्यांतील एकही गोळी घेऊ नका. गरज पडल्यास ते जुन्या डागावरच औषधाची पट्टी लावून चाचणी करतात, कारण निरोगी त्वचेवर ती बहुधा काहीच दाखवत नाही.

खात्री करून घेण्यासाठी घरी गोळी घेऊन पाहण्याचा मोह मात्र कृपया टाळा. प्रत्येक खेपेला चट्टे वाढू शकतात, त्यांवर फोडही येऊ शकतात. दोषी औषध ठरले की त्याचे मूळ नाव कागदावर लिहून जवळ ठेवा आणि दंतवैद्यांसह प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

औषधानंतर ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटू लागली, तर हा साधा चट्टा नव्हे. औषध थांबवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.